मुलाची फायनान्शियल एड बंद झाली. ‘सॅप’चं गणित कुणी समजावेल का?

गवतीचहा | २४ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मुलगा इथे अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, दुसरं वर्ष नुकतंच संपलं. पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) आणि त्याच्या नावावरचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं लोन यांवर निम्म्याहून जास्त बिल भागतं. (नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षापासून अर्धवेळ झालीय. असो.) काल जेवताना, मीठ दे म्हणावं तितक्या सहज म्हणाला, "आई, माझी एड सस्पेंड झालीय बहुतेक." मेल येऊन नऊ दिवस झाले होते! कॉलेजचा मेल हा उघडतच नाही.

मेलमध्ये लिहिलंय की तो ‘सॅटिसफॅक्टरी ॲकॅडेमिक प्रोग्रेस’च्या (सॅपच्या) अटीत बसत नाही. मला वाटलं, सगळीकडे दिवे लावलेत. पण जीपीए (ग्रेडची सरासरी) २.६ आहे. कॉलेजचीच अट २.० ची आहे. मग अडलं कुठे? खोदून विचारल्यावर कळलं की दोन वर्षांत बरेच विषय मध्येच सोडलेत. ‘डब्ल्यू घे, जीपीएला धक्का लागणार नाही’ हे त्याला कॉलेजातल्या ॲडव्हायझरनेच सांगितलं होतं म्हणे. (डब्ल्यू म्हणजे विषय मध्येच सोडल्याचा शेरा.)

फायनान्शियल एड ऑफिसला फोन केला तर "तुमच्याशी बोलता येणार नाही, विद्यार्थ्याला फोन करू दे." पैसे भरायला आई-बाप चालतात, बोलायला नाही. आता मेमोरियल डेच्या सुट्टीमुळे मंगळवारपर्यंत तिथे कुणी भेटायचंही नाही. झोप लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

चिंचबोर | २४ मे, रात्री ११:५८

अगं बाई. अनुभव शून्य, पण धागा वर ठेवते. इथे एक फाइलवाली म्हणून आयडी आहे, ती अशाच कुठल्या तरी ऑफिसात काम करते असं आठवतंय.

कडूकारलं | २५ मे, सकाळी ७:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पैसा करदात्यांचा आहे. विषय घ्यायचे, सोडायचे, परत घ्यायचे आणि बिल सरकारने भरायचं, हे किती वर्षं चालणार? कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आमच्या वेळी एटीकेटी लागली तरी घरात आठवडाभर सुतक असायचं.

चिंचबोर | २५ मे, सकाळी ७:४५

काका, सुतक पाळून फी भरली जात असती तर त्यांनी धागा काढलाच नसता.

फाइलवाली | २५ मे, सकाळी ९:२०

हाक ऐकली. एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजच्या) एड ऑफिसात अकरावं वर्ष आहे. तुमच्या मुलाच्या कॉलेजचं धोरण मी पाहिलेलं नाही. पण मूळ चौकट फेडरल आहे आणि ती सगळ्यांना सारखीच लागू होते, म्हणून सांगते.

सॅप म्हणजे एक परीक्षा नव्हे, तीन. तिन्हींत पास व्हावं लागतं.

पहिली जीपीएची. दोन वर्षांहून मोठ्या प्रोग्रॅमला दुसऱ्या वर्षाअखेर निदान ‘सी’ सरासरी हवी, किंवा पदवीपर्यंत नेईल अशी स्थिती हवी, असं फेडरल नियम म्हणतो. बहुतेक कॉलेजं सरळ २.० धरतात. तुमचा मुलगा इथे पास आहे.

दुसरी वेगाची. आम्ही तिला पेस म्हणतो. आजवर घेतलेल्या एकूण क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे विषयाच्या वजनाचं माप) किती पार पडले, ते टक्क्यांत काढायचं. साधारण ६७ टक्के लागतात. माझी पैज आहे की गाडी इथेच रुतलीय.

तिसरी मुदतीची. १२० क्रेडिटच्या पदवीसाठी जास्तीत जास्त दीडपट, म्हणजे १८० क्रेडिट घेईपर्यंतच एड मिळते. ६७ चा आकडाही यातूनच आला. १८० घेऊन १२० पास व्हायचे, तर तीनातले दोन पार पडलेच पाहिजेत. आणि १८० च्या आत पदवी होणं अशक्य आहे असं गणितानेच दिसलं, तर १८० भरायची वाट न बघता एड तिथेच थांबते.

आता डब्ल्यूची गोम. जीपीएच्या खात्यात डब्ल्यू म्हणजे काहीच नाही. पेसच्या खात्यात मात्र ‘घेतला’ या रकान्यात तो येतो आणि ‘पार पडला’ या रकान्यात येत नाही. एफचंही (नापास) तेच, अपुऱ्या राहिलेल्या इनकम्प्लीटचंही तेच. ॲडव्हायझर खोटं बोलला नाही, त्याने अर्धंच सांगितलं. त्याच्यासमोर ट्रान्स्क्रिप्ट असतं, आमच्यासमोर पैसे. दोन टेबलांमध्ये एक जिना असतो आणि तो जिना बहुतेक वेळा कुणी चढत नाही. (हे मी आमच्याबद्दलही म्हणतेय.)

सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत विषय सोडला तर तो कुठेच मोजला जात नाही. त्यानंतर सोडला की डब्ल्यू.

दोन वर्षांचे घेतलेले आणि पास झालेले क्रेडिट इथे टाका. आकड्यांशिवाय नुसती हळहळ होईल.

निमूट | २५ मे, सकाळी १०:०५

फाइलवाली, एक शंका. गेल्या सत्रात आमच्या मुलीने एडच घेतली नव्हती, सगळं खिशातून भरलं होतं. त्यात एक एफ आहे. तोही धरणार का?

फाइलवाली | २५ मे, सकाळी १०:१२

धरणार. एड घेतली नाही त्या सत्रांचाही हिशोब होतो.

गवतीचहा | २५ मे, दुपारी १:३०

मुलाला शेजारी बसवून ट्रान्स्क्रिप्ट उतरवून घेतलं. तासभर लागला. त्यातला अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

पहिलं वर्ष: घेतले ३१, पास २४. (कॅल्क्युलस ४ क्रेडिट डब्ल्यू, एक तीनचा एफ.)
दुसऱ्या वर्षाचं फॉल (पहिलं सत्र): घेतले १६, पास ८. (केमिस्ट्री आणि परत कॅल्क्युलस, दोन्ही डब्ल्यू.)
दुसऱ्या वर्षाचं स्प्रिंग (दुसरं सत्र): घेतले १५, पास ९.

एकूण ६२ पैकी ४१.

टेक्सासचे तात्या | २५ मे, दुपारी १:४१

६६.१ टक्के. अरेरे! ३५ ला पास असलेल्या पेपरात ३४ मिळाल्यासारखं झालं हे.

फाइलवाली | २५ मे, दुपारी २:१५

तात्यांनी माझं काम केलं. आता खालचं नीट वाचा, यात चांगली बातमी आहे.

तीन क्रेडिटचा एक विषय त्याने घेतला आणि पास झाला, तर ६५ पैकी ४४ होतात, म्हणजे ६७.७. अटीत बसला. एका विषयाचा प्रश्न आहे हो!

समर सेशन आहेच. त्यांच्या कॉलेजात महाग पडत असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. पण फी भरायच्या आधी त्यांच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या की हा विषय ट्रान्सफर होईल. ट्रान्सफर होऊन आलेले क्रेडिट पेसमध्ये दोन्ही रकान्यांत धरले जातात, घेतलेल्यातही आणि पास झालेल्यातही. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या ग्रेडने जीपीए मात्र हलत नाही. तुमचं दुखणं जीपीएचं नाही म्हणूनच हा उपाय लागू पडतो. ज्यांचा जीपीए १.८ आहे त्यांनी हे वाचून कम्युनिटी कॉलेजकडे धावू नये, तिथे ए आणला तरी मूळ कॉलेजातला आकडा तिथल्या तिथे राहील.

समरची फी खिशातून जाणार, कारण एड आत्ता बंद आहे. आणि एक गैरसमज रोज ऐकते तो आधीच खोडते: "एक सत्र पदरचे पैसे भरले की एड परत सुरू होते." नाही होत. एक सत्र घरी बसूनही नाही होत. आकडे अटीत बसले तरच होते. पैसे कुणी भरले हे त्या गणितात कुठेच येत नाही.

गवतीचहा | २५ मे, दुपारी २:५०

डोळ्यांत पाणी आलं वाचून. पण मग आधी एखादी वॉर्निंग का नाही दिली? थेट बंदच?

फाइलवाली | २५ मे, दुपारी ३:२०

कॉलेज तपासणी केव्हा करतं यावर ते आहे. दर सत्राला तपासणारी कॉलेजं एक सत्राची वॉर्निंग देऊ शकतात, तेवढ्या काळात अपील न करता एड चालू राहते. वर्षातून एकदाच तपासणाऱ्यांना वॉर्निंगची मुभाच नाही, तिथे थेट सस्पेन्शन. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय. फॉलमध्ये १६ पैकी ८ झाले तेव्हाच कुणी हटकलं असतं तर स्प्रिंगला तो सावध झाला असता, हे खरंच. वार्षिक तपासणी मला स्वतःला पटत नाही, पण ती नियमात बसते.

आणि हो, डीनकडून येणारं ‘ॲकॅडेमिक प्रोबेशन’ वेगळं, आमच्याकडचं वेगळं. एकाचं पत्र आलं नाही म्हणून दुसऱ्याचं येणार नाही असं नाही.

कडूकारलं | २५ मे, दुपारी ४:००

म्हणजे रेघ ओढलेली आहे, पण ती पोराला दिसत नाही अशा शाईने. हे मात्र चूक आहे. माझी सकाळची पोस्ट अर्धी मागे घेतो.

चिंचबोर | २५ मे, दुपारी ४:०३

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

उंबरठा | २५ मे, संध्याकाळी ६:३०

अटलांटाहून. फेडरलबरोबर राज्याच्या पैशाच्या अटीही बघा, त्या वेगळ्या असतात आणि बऱ्याचदा कडक असतात. आमच्याकडे होप स्कॉलरशिपला ३.० लागतो. ३०, ६० आणि ९० क्रेडिट घेतल्यावर चेकपॉइंट असतात, शिवाय दर स्प्रिंगअखेर. मोठीची होप ३० च्या चेकपॉइंटला २.९४ वर गेली. पुढच्या चेकपॉइंटला परत मिळाली, पण दुसऱ्यांदा गेली की कायमची जाते. तेव्हापासून घरात पंचांगासारखा एक कागद फ्रिजवर लावलाय.

टेक्सासचे तात्या | २५ मे, संध्याकाळी ६:५५

आमच्याकडे टेक्सास ग्रँटला पहिल्या वर्षानंतर २.५ जीपीए, वर्षाला २४ क्रेडिट आणि ७५ टक्के पेस. म्हणजे फेडरलला ७० टक्क्यांवर सुखात असलेला पोरगा इथे गारद होतो. न्यूयॉर्कच्या एक्सेल्सियर स्कॉलरशिपला तर वर्षाला ३० क्रेडिट लागतात असं भाचीकडून ऐकलंय, तिथले कुणी असतील तर सांगा.

सोनटक्का | २५ मे, रात्री ८:१०

हो तात्या, ३० च.

जरा अवांतर: आम्ही एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा) आहोत, मुलगी यंदा कॉलेजला जाईल. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

फाइलवाली | २५ मे, रात्री ८:४०

फेडरल एड सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारखे काही ठरावीक गट यांनाच मिळते. एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर नाही. त्यामुळे हा फेडरल सॅप तुम्हाला लागू नाही. पण कॉलेजने स्वतःची मेरिट स्कॉलरशिप दिली असेल तर तिच्या पत्रात बारीक अक्षरांत जीपीए आणि क्रेडिटची अट असतेच. ते पत्र जपून ठेवा.

पुन्हाश्रीगणेशा | २५ मे, रात्री १०:२०

माझी वेगळीच रड. मी १९९९ साली इथे लग्न होऊन आले, लगेच कॉलेजात नाव घातलं, गरोदरपणात सगळं अर्धवट सोडलं. चार एफ आणि दोन डब्ल्यू. आता पंचवीस वर्षांनी त्याच कॉलेजात नर्सिंगसाठी जायचंय. त्यांच्याकडे ‘ॲकॅडेमिक रिन्युअल’ म्हणून योजना आहे, जुने ग्रेड पुसून जीपीए नव्याने सुरू करतात. ती मिळाली, मी पेढे वाटले. आणि मग एड ऑफिस म्हणालं, आमच्याकडे तुमचे जुने एफ आहेत तसेच आहेत. एकाच इमारतीत एका मजल्यावर माझी पाटी कोरी आणि दुसऱ्या मजल्यावर भरलेली!

फाइलवाली | २५ मे, रात्री ११:००

तुमच्या ऑफिसने बरोबर सांगितलं, दुर्दैवाने. फेडरल एडच्या नियमांत शैक्षणिक माफीची तरतूदच नाही. कॉलेज स्वतःपुरतं पुसू शकतं, सॅपसाठी सगळं धरावं लागतं.

पण तुमच्यासाठी अपील आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण व आजची परिस्थिती यांइतकं स्पष्ट ‘काय बदललं’ मी क्वचित पाहिलंय. शिवाय प्रोग्रॅम बदलला असेल तर नव्या प्रोग्रॅमला लागू होतात तेवढेच जुने क्रेडिट धरायची मुभा कॉलेजला आहे. सगळी कॉलेजं ती वापरत नाहीत. विचारा, लेखी विचारा.

गवतीचहा | २६ मे, सकाळी ८:३०

अपीलचा विषय निघालाच आहे तर. समर कोर्सचे पैसे उभे करता येतील, पण तो कोर्स पूर्ण होऊन ग्रेड यायला जुलैअखेर होईल. फॉलचं बिल ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणून अपीलही करावं असं आम्हाला वाटतंय. कारण काय लिहायचं यावरून घरात महाभारत चालू आहे. त्याच्या पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझे सासरे गेले, हा दोन आठवडे भारतात होता. मी म्हणते ते लिही. तो म्हणतो, "आई, त्या सेमिस्टरला मी सगळे विषय पास झालो होतो." जे खरं आहे. बाकीचं काय ते तो सांगत नाही.

नवरा म्हणतो माझी नोकरी अर्धवेळ झाली ते लिहा.

फाइलवाली | २६ मे, सकाळी ९:४५

नोकरीचं आधी. उत्पन्न घटलं म्हणून एडची रक्कम वाढवून मागायची तर ती वेगळी विनंती असते, तिला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. ती जरूर करा, पण दुसऱ्या फॉर्मवर. सॅपच्या अपीलात तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यामुळे मुलाच्या अभ्यासावर परिणाम झाला असेल. उदाहरणार्थ, घरात हातभार म्हणून त्याने कामाचे तास वाढवले असतील.

नियमात तीन कारणं आहेत: नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा दुखापत, आणि ‘इतर विशेष परिस्थिती’. तिसरं दार बरंच रुंद आहे. पण पत्राला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. काय झालं? आणि आता काय बदललंय, ज्यामुळे ते परत होणार नाही? शंभरातली बरीच पत्रं पहिल्या प्रश्नावर तीन पानं लिहितात आणि दुसऱ्यावर "आय विल वर्क हार्डर". ते उत्तर नव्हे.

आजोबांबद्दल. समितीसमोर पत्राशेजारी ट्रान्स्क्रिप्ट असतं. ऑक्टोबरमधला मृत्यू, त्या सत्रात सगळं पास आणि डब्ल्यू त्यानंतरच्या तिन्ही सत्रांत. तारखा जुळत नाहीत हे आमच्या लक्षात यायला एक मिनिट लागत नाही. मुलगा बरोबर बोलतोय. मला तर त्याचं कौतुक वाटलं.

आणि कृपा करून पत्र तुम्ही लिहू नका. आई-बापांनी लिहिलेलं पत्र कळतं. एकदा एका पत्रात चौथ्या ओळीत ‘माय सन’ तसंच राहून गेलं होतं.

अर्धवटराव | २६ मे, दुपारी १२:१५

काकू, मी २२ वर्षांचा आहे, न्यू जर्सीत जन्मलो, बोलून टाइप करतोय, मराठी चुकलं तर सॉरी. आईने हा धागा पाठवला.

माझी पण एड गेली होती. मी पहिलं अपील केलं त्यात लिहिलं की प्रोफेसर वाईट होते, क्लास सकाळी आठला होता, रूममेट रात्रभर गेम खेळायचा. सगळं खरं होतं. रिजेक्ट झालं.

खरं कारण हे होतं की मला इंजिनिअरिंग नको होतं आणि घरी सांगायची भीती वाटत होती. म्हणून मी कॅल्क घ्यायचो, सोडायचो, परत घ्यायचो. दुसऱ्यांदा मी ते लिहिलं. काउन्सेलरकडे जात होतो त्याचं पत्र लावलं, त्यात काय बोललो ते नव्हतं, फक्त मी येतो एवढंच होतं. मेजर (मुख्य विषय) बदलल्याचा फॉर्म लावला. स्टोअरमधले कामाचे तास ३० वरून १२ केले, मॅनेजरचं पत्र लावलं. आणि ॲडव्हायझरबरोबर बसून पुढच्या चार सेमिस्टरचे विषय लिहून काढले. मग ॲकॅडेमिक प्लॅनवर घेतलं. प्लॅन म्हणजे दर सेमिस्टरला ते बघतात की मी ठरलेलं केलं का. एकही डब्ल्यू चालत नाही.

काकू, तुमचा मुलगा दोनदा कॅल्क्युलस सोडतो आणि काही बोलत नाही. मी त्याला ओळखत नाही. पण त्याला विचारा की त्याला काय शिकायचंय. विचारताना बाबा नसले तर बरं.

चिंचबोर | २६ मे, दुपारी १२:३०

अर्धवटराव हे नाव आता बदला.

कडूकारलं | २६ मे, दुपारी १:०५

शेवटची ओळ दोनदा वाचली. माझा मुलगा ३१ चा आहे. असो.

शुद्धलेखनपोलीस | २६ मे, दुपारी १:२०

‘रिजेक्ट झालं’ ऐवजी ‘फेटाळलं गेलं’ चाललं असतं. बाकी पोस्टीत खोट काढायला काही नाही, म्हणून आज सुट्टी घेतो.

निमूट | २६ मे, दुपारी ३:००

मेजर बदललं की सगळं माफ होतं का मग?

फाइलवाली | २६ मे, दुपारी ३:३०

माफ नाही. वर लिहिलं तसं, काही कॉलेजं नव्या मेजरला लागू असलेलेच क्रेडिट धरतात, काही सगळेच धरतात. दुसरीकडे, मेजर बदलल्याने लागणारे विषय वाढतात आणि १८० ची मर्यादा जवळ येते. दोन्ही बाजू मोजून मगच.

गवतीचहाताई, अजून दोन गोष्टी, नंतर धक्का नको म्हणून. एक, पेल आयुष्यभरात १२ पूर्णवेळ सत्रांइतकीच मिळते. सोडलेल्या विषयांच्या सत्रातही ती खर्ची पडली. दोन, फेडरल लोनची वार्षिक मर्यादा किती वर्षं झाली यावर नसते, किती क्रेडिट झाले यावर असते. त्याचे ४१ आहेत. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून ७,५०० डॉलर मिळतील असं धरून बसू नका. बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिटनंतरच तिसरं वर्ष धरतात, तोपर्यंत ६,५०० च. त्यातलं सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते) जास्तीत जास्त ४,५००.

आणि ऑफिस तुमच्याशी बोलत नाही ते फर्पा कायद्यामुळे, १९७४ चा आहे. कॉलेजात गेल्यावर रेकॉर्डचा हक्क मुलाचा. त्याने संमतीच्या फॉर्मवर सही केली की बोलतील. पण आत्ता तुम्ही फोन करण्यापेक्षा त्यालाच फोन करू दे, तुम्ही शेजारी बसा.

टेक्सासचे तात्या | २६ मे, संध्याकाळी ५:१०

प्रायव्हेट लोनचं काय? ओळखीत एकाने घेतलं, त्या कंपनीने सॅप विचारलंच नाही म्हणे.

फाइलवाली | २६ मे, संध्याकाळी ५:४०

काही विचारत नाहीत, खरं आहे. पण व्याज बघा आणि को-साइनर (जामीन) कोण होणार ते बघा. उत्पन्नावर आधारित हप्त्यासारखी फेडरल सोय तिथे नसते. तीन क्रेडिटच्या दुखण्यावर हे औषध मी देणार नाही.

गवतीचहा | २९ मे, रात्री १०:५०

परवा त्याला घेऊन लांब फिरायला गेले. नवरा घरीच. फारसं लिहीत नाही, त्याचं त्याचं आहे. अर्धवटराव, बाळा, तुझा अंदाज बरोबर होता. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

काल त्याने स्वतः फोन केला. समरचा विषय चालेल असं रजिस्ट्रारकडून मेलवर घेतलं. कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स, ३ क्रेडिट, ऑनलाइन नको म्हणाला, वर्गात बसतो म्हणाला. अपीलही भरतोय. पत्र मला दाखवलं नाही.

गवतीचहा | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

कळवायचं राहिलं होतं. धागा वर काढते.

स्टॅटिस्टिक्समध्ये बी आला. अपीलचा निकाल जूनअखेर ‘अपुरी कागदपत्रं’ म्हणून परत आला होता. काउन्सेलरचं पत्र जोडायचं राहिलं होतं. ते जोडून पुन्हा पाठवेपर्यंत ग्रेड आला, त्यामुळे अपीलची गरजच उरली नाही. पण ग्रेड आला म्हणजे एड आली असं नसतं हेही कळलं. ट्रान्स्क्रिप्ट एका कॉलेजातून दुसऱ्यात पोचायला बारा दिवस. पोचल्यावर कुणी आपोआप हिशोब पुन्हा करत नाही, ‘रिव्ह्यू करा’ म्हणून विनंती टाकावी लागते. त्याने टाकली. दरम्यान बिलाची तारीख उलटू नये म्हणून पेमेंट प्लॅनचा पहिला हप्ता भरला. गेल्या बुधवारी पोर्टलवर सॅपसमोर ‘मीट्स’ आलं आणि पेल परत दिसू लागली.

फॉलला १४ क्रेडिट घेतलेत, कॅल्क्युलस नाही. मेजर जिओग्राफी. नवरा अजून नातेवाइकांना ‘इन्व्हायर्नमेंटल’ असं सांगतो.

फाइलवाली | १८ ऑगस्ट, रात्री ९:५५

छान झालं! ते १४ पार पडले तर ७९ पैकी ५८, म्हणजे ७३ च्या वर. मग एखादा विषय गडबडला तरी तोल जाणार नाही.

कडूकारलं | १९ ऑगस्ट, सकाळी ६:४०

जिओग्राफी उत्तम विषय आहे. मीठ देताना मेलबद्दल विचारत चला.

भरतकाम | १९ ऑगस्ट, सकाळी ११:१५

नमस्कार, गूगलवरून इथे पोचले. माझ्या मुलीलाही असाच मेल आलाय, दर सत्राला तपासणारं कॉलेज आहे म्हणे. ७० घेतले, ४६ पास, जीपीए २.९. फॉल पुढच्या सोमवारी सुरू होतोय. काही करता येईल का?

फाइलवाली | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२२

येईल. मेलमध्ये ‘वॉर्निंग’ लिहिलंय की ‘सस्पेन्शन’? आणि मेलवरची तारीख काय आहे?